आईचे गुडघे आणि माझा उजवा कप्पा

माझ्या हृदयाचा उजवा कप्पा दरवर्षी परीक्षेला बसतो. जन्मतःच हृदयात भोक आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट चिंचोळी, म्हणून चौथ्या वर्षी ऑपरेशन झालं. भोक बुजवलं, वाट मोकळी केली, पण त्या वाटेवरची झडप तेव्हापासून गळते. गळून परत आलेलं रक्त उजव्या कप्प्याला पुन्हा ढकलावं लागतं आणि ढकलून ढकलून तो फुगत जातो. फार फुगायच्या आत नवी झडप बसवायची, असा बेत होता. वेळ चुकली, तर झडप बसवूनही कप्पा सावरत नाही.

मी मात्र दरवर्षी पास. एक्केचाळीस वर्षांची बाई मी, नारायणगुड्याच्या शाळेत गणित शिकवते, पण डॉक्टरांनी "दम लागतो का?" असं विचारलं की उत्तर आई देणार. "नक्को पूछो डॉक्टरसाब! मलकपेठके रेसकोर्समें छोडो, पैला नंबर आती!" मीही मान डोलवायची. माझ्या मते ते खोटं नव्हतंच. काचीगुड्यात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि जिन्यात थांबावं लागायचं ते आईच्या गुडघ्यांपायी. मी शाळेतून यायच्या वेळी ही बया भाजीचं निमित्त काढून खाली उभीच. "एवढे दुखतात तर उतरतेस कशाला गं?" म्हणून मी रोज डाफरायची. ती आपली कठड्याला धरून उभी राहायची.

यंदा डॉक्टर बदलले. नवे डॉक्टर तेलुगू, वयानं माझ्याहून लहान आणि कुणाच्या शब्दावर विश्वास न ठेवणारे. उजवा कप्पा छातीच्या हाडामागे दडून बसतो, इकोत धड दिसत नाही, म्हणून त्यांनी एमआरआय काढायला लावला. वर मला म्हणाले, "जन्मापासूनच्या पेशंटला 'मला काही होत नाही' असंच वाटतं. बरं असणं म्हणजे काय, ते त्यांना ठाऊकच नसतं." आला मोठा शहाणा, म्हटलं मनात.

मग सहा मिनिटं चालायची परीक्षा. दवाखान्याचा लांब व्हरांडा, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, हातात घड्याळ घेतलेली टेक्निशियन मुलगी. आईला तिनं बाकावर बसवलं. मी झपाझप निघाले. वर्गात पहिली येणाऱ्यांची खोड जात नाही. दोन मिनिटं झकास गेली. चौथ्या मिनिटाला पाय जड झाले, तोंड उघडं पडलं, आणि तेवढ्यात बाकावरून आईचा आवाज आला, "थांब की गं जरा, माझे गुडघे लई दुखायलेत!"

टेक्निशियन मुलगी खळखळून हसली. "अम्मा, आप तो बैठे हैं ना!"

आईनं जीभ चावली. मी तिच्याकडे बघितलं आणि तिनं नजर चुकवली. अरे देवा! मी व्हरांड्याच्या मधोमध उभी राहिले, घड्याळ चालूच होतं.

केबिनमध्ये डॉक्टरांनी विचारलं, न थांबता किती मजले चढता? मी तोंड उघडायच्या आत आई तिच्या हिंदीत बोलू लागली, आणि जन्मात पहिल्यांदा खरं बोलली. पूर्वी तिचे गुडघे फक्त तिसऱ्या मजल्याच्या आधी दुखायचे. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्यावर दुखू लागले. गेल्या संक्रांतीपासून पहिल्यावरच. माझा श्वास वाजायला लागला की तिचा गुडघा धरायचा. पोरीला आपण आजारी आहोत असं वाटू नये, एवढाच तिचा हेतू. डॉक्टरांनी शब्दन् शब्द लिहून घेतला. लाखांच्या मशीनला जे दिसायला वर्षं लागली, ते आईचे धडधाकट गुडघे तारीखवार सांगत होते आणि मी गणिताची बाई असून मला हा हिशेब सुटला नव्हता.

मला भयंकर राग आला. तिचा की माझा, कोण जाणे.

मग डॉक्टर इंग्रजीत माझ्याशी बोलले, कारण आईला इंग्रजी येत नाही. कप्पा फार फुगलाय, त्याचा जोरही उतरलाय. याच महिन्यात झडप बसवू. हे दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर कप्पा बहुतेक पूर्ववत झाला असता. आता किती सावरेल, सांगता येत नाही.

आई आळीपाळीनं आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिनं विचारलं, "मैं पैलेच बोलती तो, डॉक्टरसाब?"

डॉक्टरांनी मान वर केली. ते खरं बोलणारे गृहस्थ होते, आणि बोलणारच होते.

"काही फरक पडला नसता, आई," मी घाईघाईनं म्हटलं. "आत्ता तेच सांगत होते ते."

डॉक्टरांना मराठी येत नाही. तरी ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, आणि मग खाली मान घालून लिहू लागले.