भावाजवळ बसणं

स्वातंत्र्याच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी, जांबोटीला आले होते. धाकटा भाऊ बेळगावला कॉलेजात शिकत होता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला तो पहिलाच. परीक्षा न देताच तो ट्रंक घेऊन घरी आला आणि माजघरात भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

आप्पा आल्यागेल्याला सांगत, "हिवताप आलाय." काढे झाले, देवाला कौल लावून झाला. ताप कधी नव्हताच. मला चिडवल्याशिवाय ज्याचा दिवस जात नसे, तो आता हाक मारली तरी वळत नव्हता.

एका दुपारी आई-आप्पा भातलावणीला गेले होते. त्यानं ट्रंकेतलं आपलं घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं.

"आक्का, हे दाजींना दे. मला आता लागायचं न्हाय."

मी सरळच विचारलं, "जीव द्यायचं मनात हाय व्हय रं तुझ्या?"

तो म्हणाला, "व्हय. लई दिस झालं. वाचायला बसलो की अक्षरं दिसत्यात, पर आत काय जात न्हाय. आप्पांना काय तोंड दाखवू?"

मी त्याचा हात धरून बसले. तो रडला नाही, मीच रडले.

आई-आप्पा आल्यावर सगळं सांगितलं. आप्पा भडकले, "घरात असलं अभद्र बोलू नगंस!" आई मात्र चिखलाच्या पायांनीच त्याच्या शेजारी जाऊन बसली. तेव्हापासून आम्ही त्याला एकटं सोडलं नाही. पुढं आप्पाही मुकाट्यानं त्याला गुरांमागं बरोबर नेऊ लागले. बेळगावच्या डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं, वर म्हणाले, "लग्न करून टाका." मनाच्या दुखण्यासाठी कुणाकडं जायचं, हे सांगणारं आम्हाला कुणीच भेटलं नाही.

तो जगला. पण कॉलेज सुटलं ते सुटलंच, आणि त्याचं हसणंही.

बाळाला घेऊन सासरी निघाले तेव्हा तो मोटारीपर्यंत आला. गाठोडं वर ठेवलं. मी म्हटलं, "चार दिवस ये रं माझ्याकडं."

"यीन की," तो म्हणाला. मोटार हलली. मी खिडकीतून हात केला. तो नुसताच उभा होता, कुठंच न बघता.