वाकळ अंथरायची जागा

बाजारहत्नूरहून आदिलाबादला जाणारी सकाळची बस यायची होती आणि माय माझ्या नव्या बुटांकडे बघत होती. "तिकडं लय थंडी असते मनतात. पायाले जप," एवढंच ती म्हणाली. आदिलाबादहून हैदराबाद, तिथून विमानानं स्कॉटलंडमधलं ॲबर्डीन. राज्य तेव्हा आंध्र प्रदेशच होतं. बस आली तेव्हा मावश्या रडत होत्या, आणि माय कंडक्टरला तेलुगूत बजावत होती की माझ्या पोराला खिडकीजवळ बसवा. तेलुगू ती मजुरीच्या शेतात शिकली होती. माझ्यापेक्षा चांगलं बोलायची.

हे मी गावी राहिलेल्यांसाठी लिहितो आहे आणि माझ्यासारखे निघून गेले त्यांच्यासाठीही. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. बाप लवकर गेला. माय दुसऱ्यांचा कापूस वेचत राहिली, मराठी शाळेतल्या गुरुजींनी सुट्टीत घरी बोलावून गणित शिकवलं, आणि त्या दोघांच्या जोरावर मी इंजिनिअर झालो. ते नसते तर आज मीही कुणाच्या तरी शेतात असतो, हे मी कधी विसरलेलो नाही.

इथे मी फरशी तापवण्याचं काम करतो. गावी सांगितलं तर लोक हसतात, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन थंड करायला पाणी मारतात. इथे टाइल्सखाली, त्या चिकटवायच्या सिमेंटमध्ये, विजेची बारीक केबल नागमोडी पसरतात. भिंतीवर थर्मोस्टॅट असतो आणि त्याचा सेन्सर फरशीत पुरलेला असतो. फरशी ठरल्याइतकी तापली की तो वीज बंद करतो, गार झाली की पुन्हा सुरू करतो. सिमेंट पुरतं वाळल्यावर मीटरनं केबल तपासायची, पहिल्यांदा वीज द्यायची, तापमान हळूहळू चढवायचं, आणि पुढे काही बिघडलं तर दोष शोधायचा, हे माझं काम.

काही वर्षांनी छोटं घर घेतलं. पुढच्या खोलीची फरशी मी स्वतः घातली, मायसाठी. तिनं फोनवर अट घातली होती. "एक हिवाळा राहून पायतो. जमलं तं दरसाल येईन. नाई जमलं तं मंग बोलवू नको, दिलू." त्या फरशीवर सगळं अवलंबून आहे असं मला वाटत होतं.

माय आली आणि आठवडाभरात फरशी बिघडली. दिवसभर चालू ठेवून कामाला जायचो, संध्याकाळी परत यावं तर खोली गार. थर्मोस्टॅट म्हणायचा, फरशी पुरेशी तापली आहे, वीज बंद. हात लावावा तर टाइल थंडगार. केबल मोजली, बरोबर होती. मेगर लावून पाहिला, वीज कुठे झिरपत नव्हती. थर्मोस्टॅट बदलला, तरी तेच. रविवारी मात्र सगळं नीट चालायचं. मी घरी असलो की माय स्वयंपाकघरात माझ्यामागे उभी राहून, मी कांदा किती जाड चिरतो यावर बोलत असायची, आणि पुढची खोली छान ऊबदार व्हायची.

मी रोज विचारायचो, थंडी वाजते का? ती म्हणायची, "नाई रे, मले तं मस्त गरम लागते." माझा विश्वास बसायचा नाही. लहानपणी टोपल्यात एकच भाकर उरली असताना "माहं झालं जेवन" म्हणणारी ही बाई. ती मला बरं वाटावं म्हणून बोलते, असं मी धरून चाललो. शेवटी ठरवलं की सेन्सरच गेला असणार, टाइल फोडावी लागणार. अर्ध्या दिवसाची रजा घेऊन दुपारी घरी आलो.

फाटकातूनच दारालगतच्या मोठ्या काचेआड माय दिसली. गावाहून आणलेली वाकळ दुहेरी घालून, शाल पांघरून, बाहेर तोंड करून बसली होती. मला बघून दचकलीच.

"एवढ्या लवकर काऊन आला रे? नोकरी गेली का?"

मी वाकळीचं टोक उचललं. खालची टाइल हाताला चांगली गरम लागली. माझा सेन्सर बरोबर तिथेच, वाकळीखाली होता.

"माय, तू रोज इथंच बसते?"

"मंग कोठी बसू? तुह्या खुर्चीवर पाय लोंबते राह्यतात."

"मी येतो तेव्हा तर वाकळ नसते."

"दिवेलागनीले अंथरून पसरून ठेवतेत का कोनी?"

इथे हिवाळ्यात साडेतीनलाच अंधारतं. अंधार पडला की माय वाकळ घडी करून ठेवायची, बापाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावायची, आणि मी येईपर्यंत टाइल वरून निवून जायची, खाली पुरलेला सेन्सर अजून गरमच असायचा. दिवसभर मात्र कोंडलेल्या उष्णतेमुळे सेन्सर वीज बंद ठेवायचा. अख्खी खोली गारठायची आणि तिच्याखालची तेवढी जागा गरम राहायची.

"मी मनलंच होतं गरम लागते मनून," माय म्हणाली. "तू मशीनले इचारतं अन् मशीनचं आयकतं. मायले इचारतं, पन आयकत नाई."

मी खूप हसलो. दोष सापडला होता, टाइल वाचली होती. तिला समजावलं की केबलवर जाड अंथरूण घालून चालत नाही, खाली उष्णता कोंडून केबल जळते. तिनं मुकाट्यानं वाकळ उचलली आणि पलीकडच्या भिंतीलगतच्या सोफ्यावर जाऊन बसली. त्या संध्याकाळपासून खोली सगळीकडून सारखी तापू लागली. माझ्या हातून झालेलं इतकं नीट काम दुसरं नाही.

आणि माय गप्प होत गेली. कांद्यावरही बोलेना. एक दिवस म्हणाली, "मले गावी पाठव."

"आता तर घर गरम आहे, माय."

"हाव, गरम हाये. पन हितून फाटक नाई दिसत. तिकडं बसली का दिवसातून एक तरी मानूस दिसे, कुत्रं घेऊन जानारा. मंग अंधार पडे, मंग तू येस. आता मी भिंतीकडं पाहून बसतो."

सोफा काचेजवळ ओढून दिला. दोन दिवस बसली, पाय लोंबत ठेवून. व्हिसाची मुदत उरलेली असतानाच ती परत गेली. विमानतळावर रडली नाही. मला म्हणाली, "जेवत जाय."

त्यानंतरचा हिवाळा मी त्या ऊबदार घरात एकट्यानं काढला. थर्मोस्टॅट एकदाही अडला नाही. त्याला अडवायला फरशीवर कुणी नव्हतं. ग्राहकाला काम सोपवताना मी आता आधी विचारतो की दिवसा घरी कोण असतं, कुठे बसतं. गोऱ्या लोकांना हा प्रश्न विचित्र वाटतो.

उन्हाळ्यात मी माझी फरशी उखडली. ती केबल मधून कापून चालत नाही, म्हणून सगळ्या टाइल्स काढल्या, नवी केबल पसरली, आणि काचेजवळ एक वाकळ मावेल एवढी जागा केबलवाचून सोडली. सेन्सर दूर नेला. बसणारीनं तिथे कितीही जाड अंथरावं, काही जळणार नाही. आता मला कुणी घर कुठे विचारलं, तर आधी बाजारहत्नूर आठवतं, मग ती रिकामी जागा.

फोनवर मायला हे सगळं सांगितलं.

"मनजे तेवढीच जागा थंडी राह्यनार?"

"हो, तेवढीच."

"येडा हायेस. मंग दोन वाकळा आनाव्या लागतीन."