कुणीच आढळलं नाही तर

पुण्यात आपलं लग्न आपोआप जमलं असं ज्यांना वाटतं, त्यांची आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंशी ओळख नसावी. बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीत बसून या बाईंनी, एक पैसाही न घेता, अर्ध्या शहराची लग्नं जुळवली आहेत आणि उरलेल्या अर्ध्यावर त्यांची नजर आहे. त्यांच्या हातून सुटलेला असा मी एकटाच. वय बेचाळीस, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी, आई गेल्यापासून घरात मी आणि कुकर. "माझ्याकडून एवढं एकच राहिलंय," असं त्या माझ्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगतात, गळक्या नळाबद्दल सांगावं तसं. मी हसून सोडून देतो.

काकूंची पद्धत साधी होती. येईल त्याच्या सगळ्या अटी शांतपणे ऐकायच्या, "बरं, बरं" म्हणायचं आणि त्यातली एकही पाळायची नाही. वारज्याची एक मुलगी बजावून गेली होती, की हडपसरचं स्थळ नको, येण्याजाण्यातच जन्म जाईल. काकूंनी तिला आणि हडपसरला कारखान्यात काम करणाऱ्या एका मुलाला एकाच संध्याकाळी लोणचं न्यायला बोलावलं आणि लोणच्याची बरणी बराच वेळ सापडू दिली नाही. ती मुलगी आता हडपसरला राहते आणि माहेरी वारज्याला जायचं म्हटलं की ट्रॅफिकला नावं ठेवते.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका वरमाईने विचारलं, "काकू, तुमचं ॲप नाही का?" काकूंना तो अपमान वाटला. दुसऱ्या दिवसापासून, कोड न लिहिता ॲप बनवायला शिकवणारे व्हिडिओ त्यांच्या स्वयंपाकघरात वाजू लागले. पडद्यावर चौकोन ओढून आणायचे, ते माहितीच्या तक्त्याला जोडायचे, की तक्त्यातली माणसं आपोआप एकेका कार्डावर दिसू लागतात, असं ते शिक्षण होतं. शिकवणारे गृहस्थ दर वाक्याला "ओके?" म्हणत आणि काकू व्हिडिओ न थांबवता त्यांना "नाही, थांबा जरा" असं सांगत. तरी त्या शिकल्या. 'अपेक्षा' या रकान्यात त्यांनी फक्त एक ओळ मावेल एवढीच जागा ठेवली, कारण ज्यांना दोन ओळी लागतात त्यांचं कधीच जमत नाही असा त्यांचा अनुभव. 'पुढे' या बटणावर त्यांनी 'नीट वाचून पुढे' असं लिहिलं. तक्त्यात नमुना म्हणून पहिली नोंद माझी घातली आणि माझ्या अपेक्षांसमोर लिहिलं, 'त्यालाच माहीत नाही'.

मग त्यांनी ॲपची लिंक पुणेभर पाठवून दिली. पण चौकोन जोडताना थोडी गफलत झाली होती. प्रत्येक कार्डाला ज्याची त्याची नोंद जोडायची, ती काकूंनी सगळ्यांनाच पहिली जोडली. म्हणजे शंभर स्थळांची यादी उघडावी आणि वरपासून खालपर्यंत मीच असावा, असा प्रकार झाला. वर शोधा, वधू शोधा, डॉक्टर शोधा, मी हजर. मला फोन येऊ लागले. एक गृहस्थ म्हणाले, "आम्हाला मुलगी हवीय हो." दुसऱ्यांनी अतिशय सभ्यपणे विचारलं, "आपण एकटेच आहात, की हे सगळे आपले भाऊ?" मी तणतणत खाली गेलो, तर काकू पोळ्या लाटत होत्या. "व्हिडिओतल्या गुरुजींनी सांगितलं असेल रे ते," त्या म्हणाल्या, "मी नेमकी तेव्हा फोडणी देत होते. आणि तुझं काय बिघडलं? जन्मात पहिल्यांदा लोकांच्या डोळ्यांत भरलायस."

त्यांनी व्हिडिओ पुन्हा पाहिला आणि चूक दुरुस्त केली. आता ज्याच्या त्याच्या कार्डावर जो तो दिसू लागला, अटी निवडल्या की त्यात बसणारी माणसंच पुढे येऊ लागली, बाकीची दिसेनाशी झाली. गुरुजींनी शाबासकी द्यावी असं काम झालं आणि काकूंकडे लग्नं जमायची थांबली. लोक घरबसल्या उंची, पगार, पेठ, सगळं निवडत आणि शेवटी त्यांच्यासमोर कोरा पडदा येई, 'कुणीही आढळलं नाही'. पडद्याला 'बरं, बरं' म्हणता येत नव्हतं. काकूंच्या दारातल्या चपला कमी झाल्या. "अटी पाळायला लागलं की असंच होणार," त्या मला म्हणाल्या आणि कोरडाच पोळपाट पुन्हा पुसू लागल्या.

मलाही फोन यायचे बंद झाले. ही सुटका आहे, असं मी स्वतःला बजावलं. मग एका रविवारी काकूंच्या ओट्याजवळ बसून, सहज म्हणून, मी त्या ॲपमध्ये स्वतःला शोधून पाहिलं. सगळ्या अटी सैल केल्या, पेठा सोडल्या, पगार सोडला. मी कुठेच नव्हतो. वयाची पट्टी चाळिसाच्या पुढे सरकतच नव्हती. मला वाईट वाटलं, आणि आपल्याला वाईट वाटतंय याचं त्याहून आश्चर्य वाटलं. काकू चष्मा लावून जवळ आल्या. पट्टी त्यांनीच बनवली होती. त्यांनी ती बोटाने दोनतीनदा सरकवून पाहिली.

"मीच वगळलं रे तुला," त्या म्हणाल्या. "तू चाळिशीच्या पुढे गेलास हे माझ्या डोक्यातच नाही. मला वाटतं अजून आहे वेळ."

पट्टी त्यांनी त्याच दुपारी साठापर्यंत लांबवली. त्याने फारसा फरक पडणार नाही, लोक आपापली पट्टी चाळिशीच्या अलीकडेच थांबवणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मग त्यांनी तो कोरा पडदा उघडला. "कुणीच आढळलं नाही तर रिकाम्या हाती कशाला पाठवायचं? तिथे तुझं कार्ड लावू?" असं विचारून त्या थांबल्या. इतक्या वर्षांत मला विचारून त्यांनी केलेली ही पहिलीच गोष्ट. मी म्हटलं, "लावा."

परवा एका बाईंचा फोन आला. बऱ्याच अटी घातल्या होत्या म्हणाल्या, कुणीच मिळालं नाही आणि मी आलो. मग कोणत्या अटी घातल्या होत्या ते त्यांनी एकेक करून सांगितलं आणि मी चक्क "बरं, बरं" म्हणत ऐकून घेतलं. बराच वेळ बोललो. पुन्हा फोन करते म्हणाल्या. अजून केलेला नाही, करतीलच असंही नाही. पण संध्याकाळी मी जिना चढू लागलो की काकू दार किलकिलं करून विचारतात, "काही?" मी "अजून नाही" म्हणतो. पूर्वी मी नुसतं "नाही" म्हणायचो.