पांढऱ्यावर पांढरं

आमच्याकडं चुना लावला म्हणजे फसवलं. पण माझ्या दिरानं अंथुर्ण्याच्या रानात चुना टाकला तो फसवायला नव्हे, आईच्या मायेपोटी. म्हणून तर त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

सासरे गेल्यापासून सासूबाई तिथं एकट्याच राहायच्या. त्यांना मी आत्या म्हणते. आम्ही नोकरीपायी जळोचीत. आमच्याकडं या म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "रान पिकतंय तवर मी हितंच. पिकायचं थांबलं की न्या कुठं न्यायचं ते." हे एकदा नव्हे, शंभरदा ऐकलंय.

आणि रान तर खालच्या अंगानं पांढरं होत चाललं होतं. वर्षानुवर्षं कालव्याचं पाणी, उसावर ऊस, निचऱ्याला चर नाही. खालचं मीठ वर आलं. सकाळी तो पट्टा पीठ सांडल्यासारखा दिसायचा, आणि दर खेपेला घराकडं थोडा सरकलेला असायचा. मी बोलले की नवरा म्हणे, "तुला सगळं वाईटच दिसतं." दिसतं खरं. डोळे आहेत, त्याला काय करू?

दीर कोकणात आंब्याच्या बागेवर नोकरीला. तिकडची माती आंबट, चुना मानवतो तिला. दिवाळीला आला तो पिकअपभर चुन्याची पोती घेऊनच. मी शाळेत विज्ञान शिकवते. म्हटलं, "भावोजी, ही कोकणची माती नव्हे. हिच्यात चुना मुळातच रग्गड आहे." नुसतं बोलून थांबले नाही, संडास धुवायचं ॲसिड आणून ढेकळावर ओतलं. ढेकूळ फसफसलं. "बघा, हा चुनाच बोलतोय."

"वहिनी, संडासाच्या ॲसिडनं माती तपासत्यात व्हय? तुमच्या सुप्याकडं तपासत असतील." सगळे हसले. माझं माहेर कोरडवाहू, मला पाण्याखालच्या रानातलं काय कळणार! पालथ्या घड्यावर पाणी.

आत्या मात्र हसल्या नव्हत्या. आदल्या साली लम्पीनं त्यांची गाय गेली, तेव्हा पुरताना तिच्या अंगावर चुना टाकला होता. पोत्यांकडं बघत त्या म्हणाल्या, "ह्यो मढ्यावर टाकायचा. जित्या रानाला कशाला रं?" पण लेकाच्या हातातलं घमेलं काही त्यांनी धरलं नाही. त्याचा उत्साह त्यांना मोडवेना.

दुपारी वारं सुटलं. चुना तुळशीवर, दारावर, दोरीवरच्या लुगड्यावर बसला. ओल्या जागी पडला तिथं तो चुरचुरत तापला आणि जमिनीतून वाफ निघायला लागली. आत्या उंबऱ्यात उभ्या होत्या, पापण्यांसकट पांढऱ्या. मला ते बघवेना, मी आत जाऊन भांडी घासत बसले.

पुढं आगीतून फुफाट्यात. मातीवर टणक पापुद्रा धरला, दिलेलं पाणी मुरेना, नुसतं वर साचून राही. मेथी उगवली ती पिवळी. ऊस वीतभर येऊन करपला. आधी चर काढा, मग जिप्सम टाका, मी पुन्हा सांगितलं. आता कोणी हसलं नाही आणि कोणी ऐकलंही नाही. दीर फोनवर शेताचा विषयच टाळायचा.

रान रस्त्याकडेचं, प्लॉटिंगवाले टपलेलेच होते. होकार आत्यांनीच दिला. "पिकत न्हाय, तर राखायचं कुणासाठी?" मी भांडले, खूप भांडले. पण त्या आपल्या शब्दाच्या बाहेर जाणाऱ्या नव्हत्या.

मोजणीच्या दिवशी माणसं फक्की घेऊन आली. फक्की म्हणजे पुन्हा चुनाच. पांढऱ्या रानावर पांढरी रेघ दिसेना. दोनदा मारून बघितली आणि वैतागून त्यांनी दुकानातून गुलाल मागवला. निवडणुकांच्या कृपेनं आमच्याकडं तो बारमाही मिळतो. मग लाल रेघा सरळ घराच्या पायरीपर्यंत आल्या.

आत्या बोचकं बांधून ओट्यावर बसल्या होत्या. आमच्याकडं माणसाच्या शेवटच्या वाटेवरही गुलालच उधळतात. त्या रेघांकडं बघत त्या मला म्हणाल्या, "चुना झाला, गुलालबी पडला. आता उचला मला."