आतली खूण, अडतीसशे

सिग्नलला ब्रेक दाबून उभी केलेली तुमची बिनक्लचची गाडी गिअरमध्ये असूनही बंद का पडत नाही, सांगता येईल? रुबाबात चालवता, एवढं तर ठाऊक हवं. नसेल, तर नंदकिशोरला विचारायला हवं होतं. पण त्याला कुणी विचारत नाही, आणि आता तोही कुणाला सांगत नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये भोपळ्याच्या आकाराचा एक लोखंडी डबा असतो, टॉर्क कन्व्हर्टर. आत तेल, आणि तेलात समोरासमोर दोन पंखे. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल दुसऱ्यावर फेकतो, दुसरा फिरला की चाकं फिरतात. गाडी उभी असली की तेल नुसतं घुसळत राहतं. डबा वेल्डिंगनं बंद. बिघडला तर लेथवर कापायचा, दुरुस्त करायचा, पुन्हा वेल्ड मारायचा. कुरुळीतल्या दौलतरावांच्या शेडमध्ये नंदकिशोरनं हे सोळा वर्षं केलं. जिंतूरहून आला तेव्हा झाडू मारायला लागला होता. शिकला तो कापलेले डबे बघून बघून.

तिथल्या मिस्त्रींची एक रीत होती. डबा बंद करण्याआधी आतल्या बाजूला पंचनं, म्हणजे अक्षरांच्या लोखंडी ठशानं, आपली खूण ठोकायची. बाहेरून ती कधीच दिसत नाही. पुढं जो कुणी डबा कापेल, त्यालाच ती कळणार. नंदकिशोरचं नाव जगात कुठं असेल तर ते असं, हजारभर डब्यांच्या पोटात. गिऱ्हाइकाशी बोलायचे ते दौलतराव. नंदकिशोरला एकच हवं होतं: शेडच्या दर्शनी भिंतीवर 'हेड मिस्त्री' म्हणून आपलं नाव.

संधी आणली पिंपळे सौदागरच्या अनिशनं. नोकरी कॉम्प्युटरची, नाद ड्रॅग रेसचा. सरळ धावपट्टी, चारशे मीटर, दोन गाड्या, आधी पोचेल तो जिंकला. एका जुन्या जड गाडीला त्यानं मोठं इंजिन बसवलं होतं, आणि कन्व्हर्टर हवा होता साडेपाच हजारांचा. म्हणजे गाडी अडवून धरून पूर्ण रेस दिली, तर इंजिन मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांवर जाऊन थबकेल, असा. परदेशातल्या विक्रमी गाड्यांना तसाच असतो, हे त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं. दौलतराव नंदकिशोरला म्हणाले, गाडी जिंकली तर तुझं नाव भिंतीवर.

नंदकिशोरनं इंजिन वाजवून ऐकलं, गाडीचं वजन विचारलं, मागच्या चाकांचा घेर मोजला. मग म्हणाला, "साहेब, तुमच्या इंजिनात जोर अडतीसशेला येतोय. तिथंच तेलानं धरलं पाहिजे. साडेपाच हजारांचा टाकला तर नुसतं घुसळल, तेल उकळल, गिअरबॉक्स जळल."

अनिश हसला. "काका, आपल्याला रिक्षा नाही बनवायचीय."

दौलतरावांनी विषय मिटवला. गिऱ्हाईक मागतंय ते द्यायचं, तुझं डोकं तुझ्यापाशी ठेव.

डोकं त्यानं स्वतःपाशी ठेवलं, पण हात ऐकेनात. पंख्यांच्या पात्यांचा कोन त्यानं अडतीसशेला बसवला, आत 'एन के ३८००' अशी आपली खूण ठोकली, वेल्ड मारलं आणि वर साडेपाच हजारांचं स्टिकर चिकटवलं. पकडलं जायची भीती नव्हती. ब्रेकवर रेस वाढवून तपासायला गेलं, तरी काटा खऱ्या आकड्यावर पोचायच्या आधीच मागची चाकं ब्रेकला न जुमानता फिरू लागतात, त्यामुळं आकडा कुणाला कळतच नाही. जिंकल्यावर सांगू, असं त्यानं मनाशी ठरवलं. इथंच चुकला. खरं काम केलं आणि त्याला खोट्याचं वेष्टन घातलं.

गाडी जिंकली, तीही सरळ दोन गाड्यांच्या अंतरानं. अनिशनं शेडमध्ये पेढे वाटले, स्टिकरचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरवला, आपली निवड कशी अचूक होती ते तासभर सांगितलं. आठवड्यात आणखी तीन गाडीवाले आले. तिघांनाही साडेपाच हजारांचाच हवा. आता मागतील तो दिला तर गाड्या जळणार, आणि नाही दिला तर जन्मभर स्टिकरमागं लपायचं. नंदकिशोरनं सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं.

दौलतराव शांतपणे म्हणाले, "आत्ता खोटं बोलतोयस का तवा फसवलंस? दोन्हीतलं येक कायतरी हाय, ते सांग."

"कापून बघा मालक. आत लिवलंय."

अनिशनं मोबाइलवरचा स्टिकरचा फोटो पुढं धरला. "जिंकणारा कन्व्हर्टर कापू? तुमच्यासाठी?"

त्याच दिवशी नंदकिशोरला काढलं. दुसऱ्या मिस्त्रीनं त्या तिघांना खरेखुरे साडेपाच हजारांचे करून दिले, आणि महिन्याच्या आत तिन्ही गिअरबॉक्स जळले. दौलतरावांनी सांगितलं, जुन्या मिस्त्रीचं काम, म्हणूनच तर हाकलला. भोसरी ते चाकण, ही गोष्ट प्रत्येक शेडमध्ये त्याच्या आधी पोचायची. सोळा वर्षं काम केल्याचा कागद मागावा, तर पगार देणाऱ्या ठेकेदाराच्या रजिस्टरात तो 'हेल्पर'. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत हेल्पर. लाज वाटायला पाहिजे, पण कुणाला वाटत नाही.

आता तो पुनावळ्यात एका सोसायटीच्या गेटवर दिवसपाळीला असतो. गाडी चढावर आली की आवाजावरून त्याला कळतं, हिचं तेल जळत आलंय. सुरुवातीला तो काचेशी वाकून सांगायचा. एका बाईंनी कमिटीकडे तक्रार केली, वॉचमन फार बोलतो. तेव्हापासून नुसता गेटचा दांडा वर, दांडा खाली. खूण ठोकायच्या पंचांचा डबा त्यानं भंगारात दिला. बायको, पद्मा, म्हणाली राहू द्या, लागतील कधी. तो म्हणाला, कुठं ठोकू?

अनिशची गाडी अजून जिंकते. पण डबा म्हटला की कधीतरी बिघडणार, आणि कुठल्यातरी शेडमध्ये कापला जाणार. ती शेड तुमची असेल, लेथवर तुम्ही असाल, तर पुन्हा वेल्ड मारण्याआधी थांबा आणि आत बघा. 'एन के ३८००' दिसलं तर फोटो काढा, आणि पुनावळ्याच्या त्या गेटवर जाऊन त्याला दाखवा. ही खूण ओळखत नाही म्हणाला, तरी दाखवा.