सावली कशाची हाये?

"सावली कशाची हाये?"

रोप मागायला गेलं की मावशींचा पहिला प्रश्न हाच. किंमत नंतर. आमच्या बुलढाण्यात, देऊळघाट रस्त्यावरच्या नर्सरीत त्या कामाला होत्या. गिऱ्हाईक बापडं गोंधळून जायचं. तुम्हीही म्हणाल, सावली ती सावली, तिची कसली जात विचारायची! पण मावशी ऐकायच्या नाहीत. "भिंतीची सावली कोंडते, टिनाची भाजते. निंबाची हालते, झाडाले श्वास घेऊ देते."

एकदा एक साहेब नव्या बंगल्यासाठी दहा कुंड्या घ्यायला आले. सावली निघाली टिनाची, म्हणजे पत्र्याच्या शेडची. मावशींनी त्यांना सरळ निवडुंग दाखवला! मालकानं कपाळावर हात मारला. "मावशी, आपण झाडं इकतो, सोयरिकी नाही जमवत."

"पोरगी देतानी घर पाह्यता ना? मंग?"

हौदाजवळ आंब्याखाली त्यांची एक लाडकी कुंडी होती. बदली होऊन गेलेल्या कुण्या साहेबांच्या बाईंनी थंड मुलखातून आणलेली टोड लिली. आमच्याकडच्या उन्हात ती जगायची गोष्ट नव्हे. मावशी उन्हाळाभर कुंडीला ओलं पोतं गुंडाळायच्या, आणि दिवाळीच्या सुमारास ती फुलायची. फूल एवढंसं. मी उभ्या उभ्या मान डोलावली तर म्हणाल्या, "बसून पाहा, सर. उभ्यानं नाही दिसत ते." बसलो. पाकळीपाकळीवर जांभळे ठिपके होते.

नर्सरीची जागा प्लॉटिंगला गेली तेव्हा मावशी एकेका झाडाला घर शोधत हिंडल्या. लिलीसाठी चार घरं नापसंत झाली. मग एका रविवारी माझ्या अंगणात आल्या आणि कडुनिंबाखाली दुपारभर बसून राहिल्या, सावली सरकेल तशा सरकत. बायकोनं दोनदा चहा दिला. उन्हं कलल्यावर उठल्या. "निंब हाये तोवर फिकीर नाही," म्हणाल्या, आणि एकुलती एक कुंडी माझ्या हवाली केली. डोळे भरले होते त्यांचे. मी आपला वरपक्षाच्या थाटात "काळजी नसावी" म्हणून मोकळा झालो.

दोन दिवाळ्या लिली फुलली. मग मी गाडी घेतली. पाखरं गाडी घाण करतात, काचेवर पाला पडतो, म्हणून कडुनिंब तोडला आणि पत्र्याचं पोर्च केलं. एवढं सगळं मावशींकडून ऐकलेलं असूनही! कुंडी त्याच पत्र्याखाली ठेवली. पाणी नेमानं घातलं. मे महिन्यात लिली करपून गेली.

आठवडी बाजारात मावशी भेटल्या. "निंब कसा हाये, सर?"

"मस्त."

जीभ कशी धजली, देव जाणे. त्यानंतर मी बाजाराला जाणंच सोडलं.

गेल्या दिवाळीत कळलं, मावशींनी देऊळघाटला लेकीकडे अंथरूण धरलंय. खरं सांगायचंच, असं ठरवून गेलो. पण मला पाहताच त्यांचा चेहरा उजळला. "फुलली का?"

मी मोबाइलमधला जुना फोटो काढून पुढे धरला. त्यांनी तो अगदी डोळ्यांशी नेला. "बसून काढला ना?"

"हो." तेवढं तरी खरं होतं.

"एक फुटवा काढून ठेवा, सर. लेकीच्या दारी बी निंब हाये."

"ठेवतो," म्हणालो. माझ्यासारखा भेकड माणूस मीच.

पुढच्या आठवड्यात मावशी गेल्या. तेरवी झाल्यावर त्यांची लेक माझ्या दारात आली. हातात माती भरलेली कुंडी. "आई म्हणे, सरांकून फुटवा आनजो."

तेव्हा एकदाचं सांगितलं. निंब मी तोडला, झाड मेलं, फोटो जुना होता. ती वर पत्र्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आई त शेवटपर्यंत सांगे, माह्या हातून एक झाड चांगल्या घरी पडलं."

कुंडी पायरीवर ठेवून निघून गेली.

ती कुंडी पोर्चमध्ये गाडीशेजारी आहे. दुपारी पत्रा तापला की मातीला भेगा पडतात. तिच्यात काहीच लावलेलं नाही, तरी मी रोज पाणी घालतो.