ताईच्या फोनचं कुलूप

ताई गेल्याचं कळलं तेव्हा मी बेगडेवाडीच्या फलाटावर उभी होते. कुसगावला पोचले, तर भाऊजी दारातच. काचबिंदूनं त्यांची नजर गेलेली. "तिचा आवाज त्या फोनात आहे गं," एवढंच म्हणाले.

ताईला स्वतःच्या हृदयाचा भरवसा नव्हता. आपण नसलो तर... म्हणून कुठलं औषध कधी घ्यायचं, घरात काय कुठं ठेवलंय, हे ती वर्षभर भाऊजींसाठी फोनवर बोलून ठेवत होती. तोच फोन बंद पडला होता. चार्जिंगला लावून सुरू केला, तर पिन मागू लागला. कुणीतरी कुजबुजलं, "अंगठा लावून बघा... नेण्याआधी."

मी शहारले. तरी तिचा हात उचलला. गार पडलेला. फोननं तो अंगठा घेतलाच नाही. बंद होऊन सुरू झाल्यावर आधी पिनच लागतो. तो गारवा अजून माझ्या बोटांतून जात नाही.

ताई वडगावच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर गावातल्या बायकांना फोन शिकवायची. "पिन फोनचा, पासवर्ड खात्याचा. ओटीपी एकदाच चालतो, तो कुणाला सांगायचा नाही." मी अर्धवट ऐकायचे.

पुढचे काही दिवस मी वाढदिवस, लग्नाची तारीख, सगळं टाकून पाहिलं. प्रत्येक चुकीनंतर फोन जास्त वेळ थांबायला लावायचा. "पुसलं तर नाही ना जाणार?" भाऊजी विचारायचे. शेवटी माझा हातच धजेना.

तेराव्याला शेजारच्या पारूमावशी आल्या, ताईकडेच फोन शिकलेल्या. म्हणाल्या, "फोनचा नाद सोड पोरी. बाईंनी समदं त्यांच्या ईमेलच्या खात्यात बी ठिवलंय. खातं कुठल्या बी फोनवर उघडतंय. पासवर्ड ठावं न्हाई तर ओटीपी येतो."

"कुणाच्या फोनवर?"

"बाईंनी ज्याचा नंबर दिला आसंल त्याच्या."

माझ्या फोनवर ताईचा ईमेल टाकला, 'पासवर्ड विसरलात?' दाबलं. पडद्यावर नंबराचे शेवटचे दोन आकडे आले... माझेच. ताईनं कधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल. ओटीपीचे सहा आकडे आले. ते टाकताना मी दोनदा चुकले.

खातं उघडलं. तिनं बोलून ठेवलेलं पहिलंच लावलं. ताईचा आवाज खोलीत आला, "अहो, पलंगावरून उठलात की डाव्या हाताला खुंटी आहे. काठी तिथंच अडकवत जा."

भाऊजी उठले. भिंत चाचपत गेले. खुंटी हाताला लागली, तशी ती घट्ट धरून तिथंच उभे राहिले.

"परत लाव," म्हणाले.